मेल्चोर तोआपांताने खणलेला खड्डा

नव्या शाळेच्या पायाभरणीला नऊ दिवस उरले होते. वाजंत्रीवाल्यांना सांगून झालं होतं, जेवणाला कोणाकडची डुकरं कापायची तेही ठरलं होतं. अशात एका सकाळी मेल्चोर तोआपांता माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. हॅट छातीशी धरलेली, पोंचोवर वाळलेल्या मातीचे डाग. मुलं खुसखुसायला लागली.

"बाई," तो म्हणाला, "त्या जागेवर पोरांना बसवू नका."

"का?"

"खाली चिखल आहे."

"कुठला चिखल, तायता?" मी म्हटलं. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना तायता, म्हणजे बाप, म्हणतात. "कोरडं ठणठणीत शेत आहे ते. गेल्या महिन्यात तर बटाटे निघाले तिथून."

"आत्ताचा नाही. डोंगराचा." डोंगर म्हणजे आमच्या डोक्यावरचा बर्फाळ ज्वालामुखी.

एवढं बोलून त्याने हॅट डोक्यावर घातली आणि तो चालायला लागला. मेल्चोरची तऱ्हाच ती. विहिरी खणणं हा त्याचा धंदा. यानापाम्बापासून मुलालोपर्यंत कुठल्याही घरी पाणी मागा, निम्म्या वेळा ते त्याने खणलेल्या विहिरीचं निघेल. चाळीसहून जास्त वर्षं जमिनीच्या पोटात काढलेला माणूस वर आला की डोळे बारीक करून उन्हाकडे बघायचा आणि दहा शब्दांत दिवस भागवायचा. पाठीमागे सगळे त्याला गांडूळ म्हणायचे. खरं सांगायचं तर मीही म्हणायचे.

आणि त्या दिवशी मला त्याचा रागच आला. अकरा वर्षं मी नव्या शाळेसाठी अर्ज करत होते. जुन्या इमारतीच्या मातीच्या भिंतींना एवढे तडे गेले होते की पाचवीतल्या मुली त्यातून पहिलीच्या वर्गात चिठ्ठ्या टाकत. कोणी सपाट जागा देत नव्हतं. शेवटी गावसभेचा अध्यक्ष एलीसेओ काइसा याने ओढ्याकाठचं आपलं उत्तम शेत शाळेला देऊन टाकलं, फुकट. आणि आता हा येऊन सांगतो, चिखल आहे.

तरी गोष्ट डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध गोळा करायला एलीसेओची गाडी आली, तेव्हा मी त्याला सांगितलं. नेमका मेल्चोरही किटली घेऊन रांगेत उभा होता. हे दोघं एकमेकांचे कोम्पाद्रे. एलीसेओच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मेल्चोर धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, आणि आमच्याकडे एकदा हे नातं जोडलं की मरेपर्यंत अहो-जाहो. भांडतानासुद्धा.

"अहो कोम्पाद्रे," एलीसेओने किटली हातातून घेता घेता सुरुवात केली, "माझ्या शेतातली विहीर कोणी खणली हो?"

"मीच."

"मग त्या वेळी हा चिखल कुठे गेला होता? जेवलात, मक्याची चिचा प्यायलात, बिदागी घेतलीत आणि एक अक्षर बोलला नाहीत!"

"तुम्ही पाण्याचं विचारलंत. पाणी आहे का, गोड आहे का. मी सांगितलं, आहे, गोड आहे. डोंगराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत."

रांगेतले लोक हसले. एलीसेओचा चेहरा लाल झाला.

"सरकारी नकाशा आलाय, कोम्पाद्रे. शिकलेल्या लोकांनी काढलाय. डोंगर फुटला तर चिखलाचा लोंढा कुठवर येईल त्याची लाल रेघ आहे त्यावर. माझं शेत रेघेच्या बाहेर आहे. तुमची रेघ कुठली? पोटात घेऊन फिरता का?"

"नकाशा मला वाचता येत नाही," मेल्चोर शांतपणे म्हणाला. "पण चिखलाला तरी कुठे येतो?"

त्याच आठवड्यात नकाशावाली बाई गावात आली हे आमचं नशीब. आम्पारो व्हियासिस तिचं नाव. भूगर्भाचा अभ्यास करणारी, चाळिशीची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, नाकावर उन्हाने सोललेलं कातडं. डोंगरातून उडालेली राख गावावर पडली त्या वर्षापासून ती आमच्या खोऱ्यात येत असे. दरडी कापलेल्या दिसल्या की त्यांच्यासमोर तासन् तास बसून वहीत चित्रं काढायची. आम्ही तिला नुसतं 'इंजिनिअर' म्हणायचो.

मी तिला थेट विचारलं, "ही लाल रेघ इथूनच का जाते?"

तिने लपवाछपवी केली नाही. "बाई, वरच्या अंगाला ओढ्याने दरड कापली आहे, तिथे मला जुने थर दिसले. खालच्या अंगालाही दिसले. मधे, तुमच्या गावाजवळ, सगळी सपाट शेतं. जमिनीच्या आत बघायला जागाच नाही. तेवढी रेघ मी अंदाजाने जोडली."

"अंदाजाने?"

"चांगल्या अंदाजाने. पण अंदाजानेच."

मग मी तिला मेल्चोरबद्दल सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती गाडीतून वही घेऊन धावत सुटली.

मेल्चोर अंगणात जवाचं पीठ पाण्यात कालवून खात बसला होता. तिने विचारलं, किती विहिरी खणल्यात? त्याने खांदे उडवले. बरं, कुठल्या विहिरीत काय काय लागलं, आठवतं का? तेव्हा मात्र त्याने वाटी बाजूला ठेवली. बोटाने जमिनीवर ओढा काढला, वाट काढली, आणि एकेक विहीर खड्यांनी मांडायला लागला. या इथे, पिलातासिगच्या घरामागे, दोन पुरुष खोलीवर धोंडेमिश्रित चिखल, वाळून दगड झालेला, पहार वाकली. इथे, देवळाच्या वर, चिखल नाहीच, नुसती पांढरी हलकी खडी आणि खाली पिवळा टणक थर. इथे चिखल तीनदा, मधे मधे काळी माती. चाळीस वर्षांत या माणसाला हे कोणी विचारलंच नव्हतं, आणि आता त्याचं तोंड थांबत नव्हतं.

"काळी माती म्हणजे?" आम्पारोने विचारलं. तिला माहीत होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"काळी माती म्हणजे तायता झोपलेला असतो ती वर्षं," तो डोंगराकडे हनुवटी करून म्हणाला. डोंगरालाही आम्ही तायताच म्हणतो. "गवत उगवतं, कुजतं, परत उगवतं. वीतभर काळी माती व्हायला माणसांच्या किती पिढ्या जात असतील, देव जाणे. मग एक दिवस तो उठतो, आणि वर चिखल."

दोन दिवस ती त्याला घेऊन खोरं फिरली. परतल्यावर मला म्हणाली, "बाई, यांनी सांगितलेलं अर्धं माझ्या वहीत आधीच आहे. पण ते कळायला मला नऊ वर्षं आणि दोन पदव्या लागल्या. उरलेलं अर्धं कुणाच्याच वहीत नाही."

शुक्रवारी गावसभा भरली. आम्पारोने खडू घेऊन फळ्यावर डोंगर काढला, वर बर्फाची टोपी काढली. "लाव्हाची भीती धरू नका," ती म्हणाली. "लाव्हा तुमच्यापर्यंत पोचत नाही. पण पेटती राख आणि दगड या बर्फावरून घरंगळले की बर्फ उभ्या उभ्या वितळतो. ते पाणी उतारावरची वाळू, धोंडे, झाडं, सगळं उचलतं. ओल्या काँक्रीटसारखं होतं आणि घोड्यापेक्षा जोरात येतं. तुमच्यापर्यंत यायला पंचवीस मिनिटं. कदाचित वीस."

मी मागच्या बाकावर बसले होते. त्या दिवशी सकाळी मी कोणाला न सांगता एक गोष्ट करून बघितली होती. शाळेतली सगळी त्रेसष्ट मुलं एलीसेओच्या शेतात नेली आणि तिथून, खेळ म्हणून, टेकडीवर पळत जायला सांगितलं. शेवटचं मूल, पाच वर्षांचं, वर पोचलं तेव्हा घड्याळात एकतीस मिनिटं झाली होती. मी उठून एवढंच सांगितलं.

एलीसेओ मात्र हटला नाही. तो वाईट माणूस नव्हता. त्याने आयुष्यातली सगळ्यात मोठी देणगी दिली होती आणि गाव ती परत त्याच्या हातात कोंबत होतं. "इंजिनिअर, चिखल येतो हे आम्हाला माहीत आहे. आमच्या पणज्यांनी पाहिलाय. पण माझ्या शेतात आला होता का, ते बोला. हो की नाही?"

"माहीत नाही," आम्पारो म्हणाली.

"हो," कोपऱ्यातून मेल्चोर म्हणाला.

"विहिरीतलं तुम्ही एकट्यानेच बघितलंय, कोम्पाद्रे!"

"मग आता सगळ्यांनी बघा. खणू या."

शनिवारी मिंगा, म्हणजे गावाचं श्रमदान, ठरली. मिंगेला घरटी एक माणूस आलाच पाहिजे, पण त्या शनिवारी घरंच्या घरं लोटली. बायकांनी उकडलेला मका आणि चीज आणलं, चिचाची बादली आली. मेल्चोरने दोरीने चौकोन आखला, कडा ढासळू नयेत म्हणून पायऱ्या सोडत खणायचं ठरवलं. स्वतः काठावर उकिडवा बसला. आणि मग, पहिली कुदळ पडायच्या आधीच, तो काय काय निघणार ते सांगायला लागला.

"गुडघाभर बटाट्याची माती. मग पांढरी खडी, चार बोटं."

निघाली. पांढरी, स्पंजासारखी हलकी, तळहातावर घेतली तर वजनच लागू नये अशी खडी. बरोब्बर चार बोटं.

"मग काळी माती, बोटभरच. मग चिखल, पण बारका, पंजाएवढा."

तेही निघालं. राखाडी, खडबडीत, सिमेंटसारखा थर. आम्पारो खाली उतरून त्यावर पट्टी धरायला लागली. "हा पणज्यांच्या वेळचा," ती म्हणाली.

एलीसेओने वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "एवढासा? याहून जाड थर माझ्या गाई गोठ्यात घालतात." लोक खो खो हसले. कोणी तरी पैजा लावायला लागलं. पुढचा थर मेल्चोर चुकणार यावर जेवणासाठी पाळलेले दोन गिनीपिग आणि एक कोंबडा लागला.

"पुढे काळी माती," मेल्चोर म्हणाला, "कमरेइतकी. तायता फार दिवस झोपला होता."

दुपार झाली. काळी माती कमरेइतकीच निघाली. गिनीपिग गेले, कोंबडाही गेला. हसणं हळूहळू कमी झालं. त्याच्याकडे बघण्याची लोकांची नजर बदलत होती, हे मला काठावर बसून स्पष्ट दिसत होतं. इतकी वर्षं ज्याला सगळे गांडूळ म्हणत होते, तो आमच्या पायाखालची जमीन तोंडपाठ म्हणून दाखवत होता.

"आता कुदळी ठेवा, पहारी घ्या," तो म्हणाला. "आता तो येतो."

पहारी खणखणल्या. मोठा चिखल लागला होता. राखाडी-काळा, आत मुठीएवढे, डोक्याएवढे धोंडे, एक तर बैलाएवढा, सगळे एकमेकांत थिजलेले. जसे वाहत आले तसेच थांबलेले. पुरुषभर खणलं तरी तो संपेना. आम्पारोने त्यातून कोळशाचा एक तुकडा अलगद चिमट्याने काढून डबीत ठेवला. "हजारएक वर्षांचा असेल," ती म्हणाली, "तपासल्याशिवाय शपथ घेणार नाही. पण माझ्या नकाशात हा नाही. हा एवढा मोठा होता हे कुणालाच ठाऊक नाही."

मला त्या क्षणी भीती वाटायला हवी होती. पण मी त्या भिंतीकडे बघतच राहिले. वर ढगात डोंगर दिसत नव्हता, पण त्याचा केवढा मोठा हात इथपर्यंत पोचला होता! एवढे धोंडे त्याने पोरांनी गोट्या न्याव्यात तसे आणले होते.

ऊन कललं तेव्हा कुठे चिखलाचा तळ लागला, आणि पहार एका वेगळ्याच दगडावर वाजली. मेल्चोर पहिल्यांदाच उठून उभा राहिला. "थांबा," तो म्हणाला. "हे मला माहीत नव्हतं."

तो स्वतः शिडीवरून उतरला आणि हाताने माती उकरायला लागला. सपाट, रुंद, मधोमध घासून खोलगट झालेला दगड होता तो. दळायचा पाटा. वर त्याचा वरवंटा, आडवा, कोणी आत्ताच हात काढून घ्यावा तसा ठेवलेला.

आम्पारो हळू आवाजात म्हणाली, "इथे लोंढ्याची कड असणार. जोर ओसरला होता, म्हणून वाहून नेलं नाही. नुसतं झाकलं."

मग एलीसेओ उतरला. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. त्याने हॅट काढली, गुडघ्यावर बसला आणि पाट्याच्या खोलगट जागेत तळहात ठेवला.

"घर होतं इथे?"

"चूल तरी होती," आम्पारो म्हणाली.

"माणसं?"

"त्यांना वेळ मिळाला असेल. मला माहीत नाही."

एलीसेओने खोलगट जागेतली माती तळहाताने पुसली. मग त्याने मान वर करून मेल्चोरला विचारलं, "कोम्पाद्रे, आणि माझं घर?"

"तुमचंही याच चिखलावर आहे. माझंही."

"मग तुम्ही राहता कसे?"

"इथे बटाटा जसा होतो तसा वर कुठे होतो? तायताच देतो हे." मेल्चोरने खांदे उडवले. "आणि मी पळू शकतो. म्हणजे, पळायचो."

एलीसेओ हसला. हसता हसता त्याने डोळे पुसले. वर आल्यावर त्याने पोंचो झटकला आणि मला म्हणाला, "बाई, वाजंत्रीवाल्यांना नाही म्हणू नका. जागा बदलली एवढंच सांगा. आणि तारीख."

टेकडीवरची जागा गावाची सामाईक होती. वारा असा की पहिल्याच दिवशी माझी हॅट ओढ्यापलीकडे गेली. तसूभरही सपाट जागा नव्हती. मेल्चोरने तिथेही खणून पाहिलं. हातभर मातीखाली पिवळा टणक थर लागला, ज्यावर कुदळ आपटली की ठिणगी उडून कुदळच परत येते. मी त्याला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "इथे तो कधीच आलेला नाही," तो जमिनीवर टाच आपटत म्हणाला. "कधीच नाही, बाई."

पाणी मात्र तिथे नव्हतं. वरच्या झऱ्यापासून नळ आणायला चार मिंगा लागल्या, आणि शाळा उभी राहायला दीड वर्ष. मुलं अजूनही चढावरून कुरकुरत येतात, आया मला वाटेत गाठून बोलतात. एलीसेओने शेतात पुन्हा बटाटे लावले, पण खड्ड्याची एक बाजू बुजवू दिली नाही. त्यावर पत्रा घातला. पाटा-वरवंटा आता शाळेच्या ओसरीवर आहे. लाल रेघ नव्या नकाशात सरकली. आम्पारोने त्यावर आपल्या नावाखाली मेल्चोर तोआपांता हे नाव छापलं. मी ते त्याला बोट ठेवून वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "एवढं लांब आहे होय माझं नाव?"

डोंगर धुमसतो म्हणून घातलेली वर जायची बंदी उठल्यावर आम्पारो एका रविवारी त्याला न्यायला आली. एकोणसत्तर वर्षं डोंगराच्या पायथ्याशी राहून तो कधी वर गेला नव्हता. काम सगळं खालीच, जाणार कशाला? एलीसेओ म्हणाला, तुमची जीप नको, माझी गाडी आहे. मीही मागे चढले. वळणावळणाच्या रस्त्याने दोघांची जुगलबंदी चालू होती.

"दम लागला तर सांगा हं, कोम्पाद्रे. पाठुंगळी घेईन."

"तुम्ही? तुम्ही दुधाची किटली उचलताना कण्हता."

गाडी जिथवर जाते तिथून तांबड्या भुसभुशीत राखेतून आम्ही चढलो. दोन पावलं वर, एक खाली. एलीसेओ तीनदा बसला. मेल्चोर न थांबता, न बोलता चढत राहिला, आपल्या विहिरीच्या शिडीवर चढावं तसा. गिर्यारोहकांच्या आसऱ्याच्या पत्र्याच्या इमारतीवरून पुढे गेलो, आणि ढग बाजूला झाला.

बर्फाचा कडा समोर उभा होता. निळसर, उभा चिरलेला, मोठ्या घराएवढा. वर तो पांढरा उतार चढत चढत थेट आभाळात गेला होता. कड्याखालून पाणी ठिबकत होतं. मी खूप वर्षांपूर्वी एकदा आले होते, तरी मी जागीच थांबले. मेल्चोरने हॅट काढली. जवळ जाऊन कड्याला तळहात लावला, मग गाल लावला. थंडीने चटकन मागे घेतला.

कड्यात काळ्या रेघा होत्या. आम्पारोने काही सांगायच्या आधीच त्याने बोट ठेवलं. "ही राख पडली त्या वर्षीची."

"हो."

"आणि किती आहे हे? म्हणजे वरपर्यंत किती जाड?"

"काही ठिकाणी वीस पुरुष. काही ठिकाणी चाळीस. पूर्वी याहून बरंच होतं. दरवर्षी थोडं कमी होतंय."

"तरी पुरे आहे," मेल्चोर म्हणाला. "आपल्याला पुरून उरेल."

त्याने ठिबकणारं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायलं आणि मान डोलावली. "गोड आहे." मग तो वर बघत उभा राहिला. एलीसेओ धापा टाकत येऊन त्याच्या शेजारी टेकला आणि त्यानेही हॅट काढली. वारा होता, ऊन होतं, आणि कुठे तरी आत बर्फ तडकल्याचा आवाज आला, लांबून दार लोटावं तसा.

उतरताना मेल्चोर मनाशी काही तरी मोजत होता. ओठ हलत होते, बोटं मिटत-उघडत होती. आसऱ्यापाशी पोचलो तेव्हा तो थांबला आणि आम्पारोकडे वळला.

"इंजिनिअर, शाळा अजून थोडी वर घेता आली असती का?"

"नाही हो, तायता. तेवढं पुरे आहे. मी मोजलंय."

"नक्की?"

"नक्की."

"अजून वर हवी तर इथेच बांधू या की, बर्फावर!" एलीसेओ ओरडला. "चला आता, माझे गुडघे मातीला मिळायच्या आत खाली चला."

मेल्चोरने एकदा मागे वळून पाहिलं, हॅट डोक्यावर घट्ट ओढली, आणि आम्ही राखेवरून घसरत गाडीकडे निघालो.